सरकारसाठी सॉफ्टवेअर बनवायचंय? मग आधी शासन निर्णय वाचायला शिका

दहावी-बारावीचे निकाल लागले की महाराष्ट्रातल्या सेवा केंद्रांवर झुंबड उडते. उत्पन्नाचा दाखला, अधिवास, जात प्रमाणपत्र, नॉन-क्रिमीलेअर. प्रत्येकाला ते आजच हवं असतं, कारण प्रवेशाची तारीख तोंडावर आलेली असते. नेमका त्याच आठवड्यात सर्व्हर मान टाकतो, ओटीपी यायचा थांबतो आणि "सरकारी काम, दुसरं काय होणार" म्हणत लोक घरी जातात. ती यंत्रणा बांधणारी आणि चालवणारी माणसंही कुठेतरी बसलेली असतात. त्यांच्यात सामील व्हायचं ज्यांच्या मनात आहे, त्यांच्यासाठी हा लेख. मी याच कामात बरीच वर्षं काढली, कधी कार्यालयाच्या आतून, कधी कंत्राटदार कंपनीच्या बाजूने. त्यामुळे काही मतं एकांगी वाटली तर ती माझी समजा.

सुरुवातीलाच सांगून टाकतो: इथे कोड लिहिणं हा त्यातल्या त्यात सोपा भाग आहे. नियम नीट वाचणं आणि तो नियम खिडकीवर प्रत्यक्षात कसा वापरला जातो हे पाहणं, यातच खरा कस लागतो. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्याच अंगाने मांडल्या आहेत.

पायरी १: दार ठरवा

आत शिरायला मुख्यतः चार दारं आहेत. कुठल्या दारातून गेलात यावर पुढे तुमच्या हातात काय राहील हे ठरतं, म्हणून यावर थोडा वेळ घालवू.

पहिलं दार कायम नोकरीचं. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र, म्हणजे एनआयसी, १९७६ साली सुरू झालं. मुख्यालय दिल्लीत, राज्याराज्यांत शाखा आणि जिल्ह्याच्या ठिकाणी जिल्हा सूचना विज्ञान अधिकारी. मतमोजणीच्या दिवसापासून मंत्र्यांच्या व्हिडिओ कॉन्फरन्सपर्यंत काहीही अडलं की फोन याच खोलीत येतो. भरती दर वर्षी होत नाही. २०२३ च्या जाहिरातीत ५९८ जागा होत्या: सायंटिस्ट-बीच्या ७१, सायंटिफिक ऑफिसरच्या १९६ आणि सायंटिफिक-टेक्निकल असिस्टंटच्या ३३१. परीक्षा नायलिट या केंद्राच्या संस्थेने घेतली. सायंटिस्ट-बीचा पगार लेव्हल १० वर, म्हणजे ५६,१०० रुपये मूळ वेतनावर सुरू होतो. असिस्टंटचा लेव्हल ६ वर, ३५,४०० रुपयांवर. शास्त्रज्ञ संवर्गातली बढती वरची जागा रिकामी होण्यावर अडून राहत नाही, ती मूल्यमापनावर होते. सरकारी नोकरीत ही मोठीच सोय म्हणायची. रेल्वेची क्रिस ही १९८६ ची संस्थाही याच वळणाची आहे; तिकीट आरक्षणाची यंत्रणा तीच सांभाळते. शिवाय आपल्याकडे नगरपरिषदांच्या सेवेत संगणक अभियंत्यांचा वेगळा संवर्ग आहे, ज्याकडे पुण्या-मुंबईच्या मुलांचं सहसा लक्षच जात नाही. छोट्या नगरपरिषदेत तुम्ही बहुधा एकटेच तंत्रज्ञ असता. तिथे जे शिकायला मिळतं ते मोठ्या टीममध्ये मिळत नाही.

दुसरं दार कराराचं. राज्यात महाआयटी ही सरकारची आयटी कंपनी, केंद्रात डिजिटल इंडिया कॉर्पोरेशन आणि राष्ट्रीय ई-गव्हर्नन्स विभाग, गोव्यात इन्फोटेक कॉर्पोरेशन, आणि पुण्यातच १९८८ पासून असलेली सी-डॅक ही केंद्राची संगणक संशोधन संस्था. या संस्था प्रकल्पापुरती माणसं घेतात. पगार कायम नोकरीच्या सुरुवातीपेक्षा बरा असू शकतो. पण करारात मुदत काय, मुदतवाढ कोण देतं, आणि प्रकल्पाचा निधी आटला तर काय, हे रुजू व्हायच्या आधी विचारून घ्या. "वाढवून मिळतं हो, सगळ्यांचंच मिळतं" हे उत्तर समजू नका.

तिसरं दार कंपनीचं. आपण ज्याला सरकारी यंत्रणा म्हणतो त्यातला मोठा भाग खासगी कंपन्यांनी बांधलेला आणि चालवलेला असतो. पासपोर्ट सेवा केंद्रात गेलात तर ए काउंटरवर कागद तपासून बोटांचे ठसे घेणारी माणसं टीसीएसची असतात. बी आणि सी काउंटरवरचे पडताळणी करणारे आणि मंजुरी देणारे अधिकारी सरकारचे. ही रेषा नीट पाहून ठेवा. कंपनीने यंत्रणा द्यायची, निर्णय मात्र सरकारने घ्यायचा. चांगल्या करारात ती स्पष्ट असते. वाईट करारात ती पुसट असते आणि मग दोष कुणाचा यावर बैठका झडतात.

चौथं दार ना-नफा संस्था आणि मुक्त स्रोत प्रकल्पांचं. बंगळुरूचं ईगव्ह फाउंडेशन २००३ पासून नगरपालिकांसाठी सॉफ्टवेअर बनवतं, त्यांचा डिजिट हा मंच मुक्त स्रोत आहे. ट्रिपलआयटी बंगळुरूत उभा राहिलेला मोसिप हा ओळखप्रणालीचा मंच फिलिपिन्स आणि मोरोक्कोसारख्या देशांनी घेतला. विद्यार्थी असाल तर इथूनच सुरुवात करा. कुणाची परवानगी लागत नाही, कोड उघडा आहे, आणि मुलाखतीत दाखवायला खरं काम हाताशी येतं. मुख्यमंत्री फेलोशिपही आहे, २१ ते २६ वयोगटासाठी. ती तंत्रज्ञांसाठी खास नाही, पण मंत्रालय किंवा जिल्हा आतून पाहायचा असेल तर वर्ष वाया जात नाही.

माझा सल्ला: पहिली दोन-तीन वर्षं कंपनीत किंवा करारावर काढा, आणि त्या काळात कायम भरतीची परीक्षा द्या. उलट क्रमाने गेलेल्यांपैकी काहींना आपण बाहेर काय चाललंय ते कधी पाहिलंच नाही, याची पुढे चुटपुट लागते.

पायरी २: एक सेवा निवडा आणि तिचा कायदा शोधा

नोकरी लागायची वाट पाहू नका. आपले सरकार पोर्टलवरची कुठलीही एक सेवा घ्या. उत्पन्नाचा दाखला घ्या, सगळ्यांच्या ओळखीचा आहे. ती कुठल्या अधिकाराने दिली जाते, किती दिवसांत द्यायची, आणि नाही दिली तर काय होतं, हे शोधून काढा.

यातल्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ मध्ये मिळतं. या कायद्याखाली अधिसूचित झालेल्या प्रत्येक सेवेला ठरलेली मुदत असते, एक पदनिर्देशित अधिकारी असतो, आणि मुदत टळली तर अर्जदार पहिलं, मग दुसरं अपील करू शकतो, त्यानंतर आयोगाकडे जाऊ शकतो. पुरेसं कारण नसताना विलंब केला तर अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो.

आता हेच वाक्य अभियंत्याच्या नजरेने पुन्हा वाचा. तुमच्या डेटाबेसमधला "अर्ज मिळाल्याची वेळ" हा रकाना एका माणसाच्या खिशाशी जोडलेला आहे. अर्जात त्रुटी काढून तो परत पाठवला, तर मुदतीचं घड्याळ थांबतं की चालू राहतं? अर्जदाराने कागद पुन्हा जोडले की ते शून्यापासून सुरू होतं का? सर्व्हर दोन दिवस बंद होता, ते दिवस कुणाच्या खात्यात टाकायचे? याची उत्तरं तुम्ही मनाने ठरवायची नाहीत, विभागाकडून लेखी घ्यायची. बऱ्याच ठिकाणी प्रोग्रॅमर ती स्वतःच ठरवून मोकळा होतो आणि कुणाला पत्ता नसताना तोच नियम होऊन बसतो. याच क्षेत्रातली ही मला सर्वांत धोकादायक वाटणारी सवय.

शासन निर्णय वाचण्याची एक पद्धत आहे. सगळ्यात वर "संदर्भ" असतात, जुन्या निर्णयांचे क्रमांक आणि तारखा. ते वगळून थेट मजकुरावर उडी मारू नका, कारण नवा निर्णय पुष्कळदा जुन्यातलं एखादंच कलम बदलतो आणि बाकीचं तसंच चालू ठेवतो. त्यानंतर प्रस्तावना, आणि मग प्रत्यक्ष निर्णय. काही दिवसांनी येणारं शुद्धिपत्रक शोधायला विसरू नका. आणि उतरंड लक्षात ठेवा: अधिनियम, त्याखालचे नियम, अधिसूचना, शासन निर्णय, परिपत्रक. परिपत्रकातलं वाक्य नियमाच्या विरुद्ध दिसलं तर हळूच कक्ष अधिकाऱ्यांच्या नजरेस आणून द्या. स्वतः निवाडा करू नका.

वाचताना एक तक्ता करा. डावीकडे निर्णयातला परिच्छेद क्रमांक, मध्ये अट, उजवीकडे ती तपासायला लागणारी माहिती. "शक्यतो", "सक्षम प्राधिकारी", "आवश्यकतेनुसार" असे शब्द आले की थांबा. त्या प्रत्येक शब्दामागे माणसाने घ्यायचा निर्णय असतो, आणि तो तुमच्या पडद्यावर बटण म्हणून यावा लागतो. तुमच्या कोडने तो गुपचूप घेऊन टाकायचा नाही.

आकडे कोडमध्ये कोरून ठेवू नका. क्रिमीलेअरची वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २०१३ मध्ये सहा लाख झाली, २०१७ मध्ये आठ लाख. असे बदल होतच राहणार. मर्यादा, लागू झाल्याची तारीख आणि निर्णयाचा क्रमांक असं तिन्ही एका तक्त्यात साठवा, म्हणजे बदलाच्या आधी आलेल्या अर्जाला जुना नियम आपोआप लागेल. तीन वर्षांनी माहिती अधिकारात कुणी विचारलं की "माझा अर्ज कशाच्या आधारे नाकारला", तर उत्तर त्या तक्त्यात सापडलं पाहिजे.

पायरी ३: खिडकीवर जाऊन बसा

एखाद्या सेवा केंद्र चालकाला विचारून त्याच्या शेजारी खुर्ची टाका. बोलू नका, पाहा. तालुक्याच्या गावातलं केंद्र असेल तर उत्तम.

तिथे काय दिसतं ते सांगतो. एकाच मोबाइल नंबरवर ढीगभर अर्ज भरले जातात, कारण म्हाताऱ्या अर्जदाराकडे फोन नसतो, किंवा रिचार्ज संपलेलं असतं, किंवा फोन मुलाकडे पुण्यात असतो. तेव्हा "एक नंबर, एक नागरिक" असं तुम्ही डेटाबेसमध्ये बांधलं असेल तर ते पहिल्याच दिवशी मोडतं. कागदाची फाइल अमुक केबीच्या आतच हवी अशी अट असली की चालक काय करतो? आधार कार्डाचा फोटो इंटरनेटवरच्या कुठल्यातरी फुकट संकेतस्थळावर चढवतो, बारीक करून घेतो आणि मग तुमच्या पोर्टलवर टाकतो. सुरक्षेवर तुम्ही केलेला सगळा खर्च त्या एका अटीमुळे वाया जातो. फाइल बारीक करण्याचं काम तुमच्याच पानाने ब्राउझरमध्ये केलं तर हा प्रश्न उरत नाही. हे बैठकीच्या खोलीत कुणालाच सुचत नाही, कारण त्या खोलीतल्या कुणीच तो अर्ज भरलेला नसतो.

तिथेच नावांचा घोळ कळतो. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, बँकेत इंग्रजी स्पेलिंग तिसरंच. अक्षर न् अक्षर जुळलं तरच पुढे जाऊ देणारी तपासणी बाईमाणसाला सगळ्यात आधी बाहेर काढते. जुळणीचा निकाल "हो" किंवा "नाही" असा न देता "बहुतेक तीच व्यक्ती, अधिकाऱ्याने पाहावं" असा तिसरा पर्याय ठेवायला विभागाला पटवा. जमेल तितक्या बैठकांत पटवत राहा.

पायरी ४: एक नोंद मुळापासून समजून घ्या

महाराष्ट्रात शिकण्यासाठी सातबाऱ्याइतका चांगला विषय नाही. जमाबंदी आयुक्त कार्यालय आणि पुण्याची एनआयसी यांनी ई-फेरफार ही फेरफार नोंदींची ऑनलाइन यंत्रणा उभी केली. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा १ मे २०१८ पासून लोकांना घरबसल्या मिळू लागला. ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झाली आणि तलाठ्याने करायची पिकाची नोंद शेतकरी स्वतःच्या फोनवरून करू लागला.

पण यामागची वाट पाहा. जमिनीचं खरेदीखत दुय्यम निबंधकाकडे नोंदलं जातं. त्याची माहिती ई-फेरफारमध्ये जाते. तलाठी, म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी, गाव नमुना सहामध्ये फेरफार धरतात आणि महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १५० प्रमाणे संबंधितांना नोटीस देतात. हरकतीसाठी १५ दिवस असतात. हरकत आलीच नाही तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात आणि त्यानंतरच सातबारा बदलतो. हरकत आली तर प्रकरण विवादग्रस्त नोंदवहीत, नमुना सहा-अ मध्ये जातं आणि त्याची सुनावणी होते.

नवीन मुलगा हे पाहतो आणि म्हणतो, "पंधरा दिवस कशाला, दोन यंत्रणा थेट जोडणारं एपीआय आहे की, सेकंदात करू." हे पंधरा दिवस म्हणजे तुमच्या यंत्रणेचा संथपणा नव्हे. बाहेरगावी असलेल्या भावाला आपला हिस्सा विकला जातोय हे कळावं, म्हणून कायद्याने दिलेली ती सवड आहे. काय झटपट करायचं आणि काय मुद्दाम सावकाश राहू द्यायचं, याचा विवेक इथे येतो. नोटीस निघायला लागणारा उशीर कमी करा, ती खरंच पोहोचली का हे दिसू द्या, पंधरा दिवस पूर्ण झालेल्या नोंदी मंडळ अधिकाऱ्यांच्या पडद्यावर वर आणा. पंधरा दिवसांना मात्र हात लावू नका.

दुसरा धडा दुरुस्तीचा. हस्तलिखित सातबारे संगणकावर चढवताना चुका झाल्या: नावातलं एखादं अक्षर, क्षेत्रातला एखादा आर, खातेदारांच्या क्षेत्रांची बेरीज एकूण क्षेत्राशी न जुळणं. डेटाबेसमध्ये एका ओळीच्या आज्ञेने ते ठीक करता येतं, आणि सगळा मोह तिथेच आहे. पण लेखनप्रमादाची दुरुस्ती कलम १५५ खाली, सक्षम महसूल अधिकाऱ्याच्या आदेशाने होते. आदेशाशिवाय केलेली दुरुस्ती बरोबर असली तरी बेकायदेशीर ठरते, आणि उद्या कोर्टात ती नोंद कुणी बदलली याचं उत्तर तुमच्या नावाने निघतं. म्हणून नियम साधा: प्रत्यक्ष वापरातल्या (प्रॉडक्शन) सर्व्हरवरच्या नोंदीला थेट हात लावायचा नाही. दुरुस्तीसाठी पडदा बनवायचा, त्यात आदेशाचा क्रमांक आणि तारीख सक्तीची ठेवायची, जुनं मूल्य पुसायचं नाही. कुणी वरिष्ठ फोनवर "जरा बदलून टाक रे" म्हणाले तर "साहेब, मेल टाका" एवढंच म्हणायचं. बहुतेक वेळा मेल येत नाही आणि विषय तिथेच मिटतो.

पायरी ५: मराठी नीट चालवा

मराठी अभियंत्याने यात कच्चं राहणं मला तरी पटत नाही, आणि तरी बहुतेक जण राहतात.

कऱ्हाड तालुका घ्या. त्यातला अर्धा र यूनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी टंकता येतो: ऱ या स्वतंत्र अक्षराला हलन्त जोडून, किंवा साध्या र ला हलन्त आणि त्यापुढे न दिसणारा झिरो विड्थ जॉइनर लावून. डोळ्यांना दोन्ही सारखेच, संगणकाला वेगळे. यूनिकोडचं नेहमीचं एनएफसी प्रमाणीकरण हे दोन्ही एक करत नाही. मग शोध रिकामा येतो आणि अर्जदाराला सांगितलं जातं की तुमची नोंदच नाही. शोधाआधी हे स्वतः एकरूप करून घ्या. गोऱ्हे, बऱ्हाटे यांसारख्या आडनावांनाही तोच नियम. शिवाय शिंदे आणि शिन्दे, ह्रस्व-दीर्घाची अदलाबदल, ० आणि देवनागरी संक्षेपचिन्ह (॰) यांची गल्लत, देवनागरी आणि इंग्रजी अंकांची सरमिसळ, हे सगळं येणारच असं धरून चाला.

जुना मजकूर यूनिकोडपूर्व फॉन्टमध्ये असेल तर रूपांतर करून सोडून देऊ नका. गावातल्या माणसाकडून नमुना तपासून घ्या. चुका विशेषनामांत लपतात आणि त्या त्यालाच दिसतात.

प्रमाणपत्राची पीडीएफ काढताना काही जुन्या लायब्रऱ्या जोडाक्षरं फोडतात, पहिली वेलांटी चुकीच्या बाजूला टाकतात. ब्राउझरच्या इंजिनातून पीडीएफ काढली की हा त्रास बहुतेक जातो. आणि एसएमएस: इंग्रजी संदेशात १६० अक्षरं बसतात, मराठीत ७०, त्यातही काना-मात्रा-वेलांटी वेगवेगळी मोजली जाते. लांबलचक मराठी संदेश दोन-तीन तुकड्यांत जातो आणि प्रत्येक तुकड्याचे पैसे पडतात. शिवाय प्रत्येक संदेशाचा साचा दूरसंचार कंपन्यांच्या डीएलटी या संदेश-नोंदणी यंत्रणेत आधी मंजूर करून घ्यावा लागतो. साच्यात एक शब्द बदलला आणि मंजुरी राहिली, तर ओटीपी जात नाही. सेवा सुरू होण्याच्या आदल्या रात्री हे कळलेली माणसं मी पाहिली आहेत.

पायरी ६: फाईल आणि निविदा यांची भाषा शिका

आवडो न आवडो, तुमचं सॉफ्टवेअर आधी कागदावर जन्माला येतं. प्रस्ताव, टिप्पणी, प्रशासकीय मान्यता, मग निविदा. कार्यासनावरून टिप्पणी वर चढते, अवर सचिव, उपसचिव असं करत जाते, आणि प्रत्येक जण शंका काढतो. त्या शंकांची उत्तरं लिहिणाऱ्या लिपिकाला तुम्ही सोप्या मराठीत अर्ध्या पानाचं टिपण दिलंत तर फाईल भराभर हलते. इंग्रजी प्रेझेंटेशनच्या पन्नास पानांनी हलत नाही.

निविदा हातात आली की तीन गोष्टी आधी वाचा. निवड निव्वळ कमी दरावर आहे की गुणवत्ता आणि दर दोन्हींच्या भारांकावर? पैसे कुठल्या टप्प्यांवर मिळणार? बदलाची मागणी आली तर तिचं मोल कसं ठरणार? कमीत कमी दरावर घेतलेल्या कामात टीममध्ये कोण येणार याची कल्पना तुम्हाला करता येईल. आणि पैसे फक्त "गो-लाइव्ह"वर, म्हणजे यंत्रणा सुरू झाल्यावर, मिळणार असतील तर अर्धवट यंत्रणा उद्घाटनाला उभी राहणार, हेही धरून चाला. तुम्ही सरकारच्या बाजूला असाल तर निविदेत एवढं तरी घालून घ्या: सोर्स कोड विभागाच्या ताब्यातल्या कोड-भांडारात (रिपॉझिटरीत) रोजच्या रोज यावा, शेवटी सीडीवर नको. केंद्राचं मुक्त स्रोत धोरण २०१५ पासून आहे. त्याचा दाखला टिप्पणीत उपयोगी पडतो.

वेळापत्रक आखताना ३१ मार्च आणि आचारसंहिता या दोन गोष्टी कॅलेंडरवर आधी मांडा. मार्चमध्ये खर्च संपवायची घाई असते, कुणी चाचणी करत नाही. आचारसंहितेत नव्या सेवेचं उद्घाटन होत नाही. आणि ज्या अधिकाऱ्याला तुमचं काम कळलंय त्यांची बदली होणारच आहे. त्यामुळे तोंडी ठरलेलं सगळं त्याच दिवशी इतिवृत्तात उतरवून सही घ्या. नवे साहेब आले की त्या सहीची किंमत कळते.

पायरी ७: सुरक्षा आणि सुगम्यता

थोडक्यात सांगतो, कारण याची कागदपत्रं सविस्तर उपलब्ध आहेत. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या यादीतल्या संस्थेकडून सुरक्षा तपासणी झाल्याशिवाय शासकीय डेटा सेंटरमध्ये तुमचं संकेतस्थळ उघडत नाही. तपासणी, दुरुस्ती, फेरतपासणी या फेऱ्यांसाठी योजनेत आठवडे राखून ठेवा. आधार क्रमांक साध्या तक्त्यात ठेवायचा नाही, त्यासाठी वेगळी सुरक्षित साठवण, आधार डेटा व्हॉल्ट, लागते. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम २०२३ चा आहे, तो एकदा पूर्ण वाचून काढा, लहान आहे. चाचणीसाठी खऱ्या नागरिकांचा डेटा लॅपटॉपवर उतरवून घेणं हा प्रकार अजून चालतो. तुमच्या टीममध्ये तो पहिल्याच आठवड्यात बंद करा. सरकारी संकेतस्थळांच्या मार्गदर्शक सूचनांची तिसरी आवृत्ती २०२३ मध्ये आली. त्यातला सुगम्यतेचा, म्हणजे दिव्यांगांनाही वापरता येण्याचा, भाग वाचून पडदा वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरने आपलाच अर्ज एकदा भरून पाहा. कॅप्चाशी आलात की अडकाल.

पायरी ८: जाण्याची तयारी येतानाच करा

या क्षेत्रात माणसं हलत राहतात. करार संपतो, कंपनी बदलते, बदली होते. यंत्रणा मात्र दहा-पंधरा वर्षं चालते, कारण ती बदलण्याची फाईल काढायला कुणी धजत नाही. म्हणून पहिल्या महिन्यापासून एक वही ठेवा, डिजिटल ठेवा हवं तर, पण विभागाच्या खात्यावर ठेवा, स्वतःच्या ईमेलवर नाही. कुठला नियम कोडमध्ये कुठे आहे. कुठलं रात्री चालणारं काम बंद पडलं तर सकाळी काय बिघडतं. कुठला निर्णय कुणाच्या सहीने झाला. आणि त्या वहीच्या पहिल्या पानावर, बाकी काही लिहायच्या आधी: डोमेन कुणाच्या नावावर आहे, एसएसएल प्रमाणपत्राची मुदत कधी संपते, एसएमएसचे पैसे कुठल्या लेखाशीर्षातून जातात, आणि नूतनीकरणाचा ईमेल नेमका कुणाच्या खात्यावर येतो.